पळून आलेल्यांच्या शब्दांत : एका अभिवाचनाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून

यंदाचा विषय ठरला. दरवर्षी २४ सप्टेंबरला, सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनी, आमचा गट ग्रंथालयाच्या सभागृहात जोतीरावांचं काहीतरी वाचतो. यंदा त्यांच्याच एका पानावरून निघून अमेरिकेत जायचं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना जोतीरावांनी ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्या लोकांनी दाखवलेल्या निरपेक्ष बुद्धीचा तो सन्मान होता. ही अर्पणपत्रिका आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी वाचली आहे. तिच्यात सोडवणाऱ्यांचा मान आहे. जे स्वतःच्या पायांनी सुटून आले, त्यांनीही तोपर्यंत आपली हकीगत लिहून ठेवली होती. ती आमच्या सभागृहात अजून वाचली गेलेली नाही. फ्रेडरिक डग्लस यांचं पहिलं आत्मकथन १८४५ चं, हॅरिएट जेकब्स यांचं १८६१ चं. विल्यम स्टिल यांनी पळून आलेल्या शेकडो माणसांच्या कहाण्यांचा जाडजूड ग्रंथ काढला तो १८७२ साली, ‘गुलामगिरी’च्या आदल्याच वर्षी.

दीड तास, चार वाचक, संगीत नाही. मजकूर मराठीत आणणं माझ्याकडे, बसवणं दादाकडे. मूळ पुस्तकं इतकी जुनी आहेत की परवानगीचा प्रश्न नाही.

२१ जून

डग्लस यांचं १८४५ चं पुस्तक पुन्हा वाचून संपवलं. शेवटच्या प्रकरणाशी आलं की वाचक पुढे सरसावून बसतो. बाल्टिमोरच्या गोदीत जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवण्याचं काम, आठवड्याची मजुरी शनिवारी मालकाच्या हातावर ठेवायची. सहा डॉलर आणले तर कधी तरी त्यातले सहा सेंट परत मिळायचे. डग्लस लिहितात की त्या सहा सेंटांनी राग आणखी वाढायचा, कारण सगळ्या पैशांवर आपलाच हक्क आहे याची ती मालकाने दिलेली कबुलीच होती. मग ३ सप्टेंबर १८३८. त्या दिवशी ते निघाले आणि न्यूयॉर्कला पोचले.

बस्स. कसे निघाले, कोणत्या वाटेने, कोणाच्या मदतीने, एक अक्षर नाही. आणि ते स्वतः सांगतात की हे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर मदत करणारे अडकतील, मागे राहिलेल्यांची वाट बंद होईल, मालकांना आयती माहिती मिळेल. पळणाऱ्यांना नेण्याच्या गुप्त व्यवस्थेला तिकडे जमिनीखालची रेल्वे म्हणत. तिच्याविषयी उघड बोलणाऱ्या हितचिंतकांवरही डग्लस चिडतात. मालकाला अंधारातच चाचपडू द्या, असं त्यांचं म्हणणं.

एकीकडे हा माणूस मालकांची, गावांची, मुकादमांची खरी नावं छापतो. इतकं चांगलं बोलणारा कधी गुलाम असूच शकत नाही, असं लोक म्हणायला लागले होते, त्यांना उत्तर म्हणून. नावं छापल्यामुळे पकडलं जाण्याचा धोका इतका वाढला की त्याच वर्षी त्यांना आयर्लंड आणि ब्रिटनला जावं लागलं. पुढच्या वर्षी तिथल्या स्नेह्यांनी पैसे जमवून मालकाकडून त्यांची कायदेशीर मुक्ती विकत घेतली. स्वतःला धोक्यात घालणारं सगळं सांगितलं, दुसऱ्याला धोक्यात घालणारं काहीच नाही. या पुस्तकाचा कणा मला इथे दिसतो.

दादाला सांगितलं की कार्यक्रमात ही पोकळी पोकळीच ठेवायची. वाचकाने तिथे थांबायचं आणि डग्लस सांगत नाहीत हे स्पष्ट म्हणायचं.

२९ जून

दादाचा आक्षेप रास्त आहे. लोक सुटकेच्या कहाण्या ऐकायला येणार, आणि पहिल्याच कहाणीत सुटका नाही! त्यावर उपाय डग्लस यांनीच ठेवलेला आहे. १८५५ च्या दुसऱ्या आत्मकथनातही ते गप्प राहिले. गुलामी कायद्याने संपली १८६५ मध्ये. त्यानंतरही सोळा वर्षं गेली, आणि १८८१ मध्ये त्यांनी सगळं सांगितलं. म्हणजे आपल्याकडे एकाच माणसाने एकाच दिवसाविषयी लिहिलेले दोन मजकूर आहेत, मध्ये छत्तीस वर्षं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला पहिला, शेवटाकडे दुसरा.

१८८१ चा भाग मराठीत आणायला घेतला. मेरीलँडमध्ये मुक्त काळ्या माणसांना ओळखीचे कागद बाळगावे लागत. त्यात नाव, वय, रंग, उंची, अंगावरचे व्रण. असे कागद उसने घेऊन पळायचं आणि पोचल्यावर टपालाने परत पाठवायचे, अशी पद्धत होती. पकडले गेले तर कागद घेणारा आणि देणारा दोघेही बुडाले. डग्लस यांना कागद मिळाला तो एका मुक्त खलाशाचा. माथ्यावर अमेरिकेचा गरुड छापलेला, पण आतलं वर्णन त्यांच्याहून पुष्कळ काळ्या माणसाचं. खिडकीवर तिकीट काढलं तर कागद नीट तपासणार, म्हणून त्यांनी गाडी सुटता सुटता चढायचं ठरवलं. एका ओळखीच्या गाडीवानाने सामान ऐनवेळी आणून टाकलं. अंगात लाल शर्ट, डोक्यावर खलाशाची टोपी, गळ्यात काळा रुमाल.

तिकीट तपासनीस आला. बाकीच्यांशी करडा, यांच्याशी जरा मऊ. मुक्त असल्याचे कागद आहेत ना, विचारलं. डग्लस यांनी मुक्ततेचे कागद नाहीत म्हटलं, समुद्रावर जाताना ते बरोबर नेत नाही, पण गरुडाचा कागद आहे. त्याने गरुडाकडे पाहिलं, पैसे घेतले आणि पुढे गेला. खाली वाचलं असतं तर तिथेच संपलं असतं.

५ जुलै

उरलेला प्रवास. सस्क्वेहाना नदी होडीने ओलांडताना एक ओळखीचा काळा कामगार भेटला. तो निरागसपणे विचारायला लागला, कुठे निघालास, परत कधी येणार. डग्लस शक्य तितक्या लवकर दुसऱ्या टोकाला सरकले. पुढच्या गाडीत बसले तर शेजारच्या रुळांवर दक्षिणेकडे जाणारी गाडी उभी, आणि तिच्या खिडकीत ते ज्याच्या जहाजावर काही दिवसांपूर्वी काम करत होते तो कप्तान. त्याने पाहिलं नाही. ओळखीचा एक जर्मन लोहारही डब्यात होता. त्याने टक लावून पाहिलं. डग्लस लिहितात, मला वाटतं त्याने मला ओळखलं, पण धरून द्यायला त्याचं मन धजलं नाही. विल्मिंग्टन, मग आगबोटीने फिलाडेल्फिया, मग न्यूयॉर्क. चोवीस तासांच्या आत.

न्यूयॉर्कला पोचल्यावर आनंदाचं एक पान आणि लगेच भीती. रस्त्यात बाल्टिमोरचाच एक पळालेला माणूस भेटला. त्याने बजावलं, कोणावर विश्वास ठेवू नकोस, गुलाम पकडणारे फिरताहेत, पैशासाठी आपलीच माणसंही खबर देतात. पहिली रात्र धक्क्यावरच्या पिंपांमध्ये काढली. पुढे एका खलाशाने त्यांना पळून आलेल्यांना मदत करणाऱ्या डेव्हिड रगल्स यांच्या घरी पोचवलं. हा भाग मला अजिबात कापायचा नाही. सुटका झाली म्हणजे सगळं झालं असं ऐकणाऱ्याला वाटता कामा नये.

९ जुलै

आक्काने तालमीत एक प्रश्न विचारला : ॲना कुठे आहे? ॲना मरे, बाल्टिमोरमध्ये घरकाम करणारी मुक्त काळी स्त्री. १५ सप्टेंबर १८३८ ला न्यूयॉर्कमध्ये तिचं डग्लस यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याच्या लिखाणात ती जवळजवळ दिसतच नाही. तिच्या कष्टाच्या बचतीतून त्या पळण्याला हातभार लागला हे सांगितलं मुलीने, रोझेटाने, १९०० साली आईच्या आठवणींवर केलेल्या भाषणात. तोवर आई-वडील दोघेही गेले होते.

हे गप्प राहणं आधीच्यासारखं मला मानता येत नाही. मदत करणाऱ्याला वाचवण्यासाठी झाकणं निराळं, आणि १८८१ मध्ये धोका सरल्यावरही बायकोच्या वाट्याचं न लिहिणं निराळं. डग्लस यांच्याविषयी माझा आदर तसूभर कमी होत नाही, पण कार्यक्रमात रोझेटाच्या सांगण्याचा सारांश येणारच. १८८१ च्या भागानंतर लगेच. आक्काच वाचणार.

१७ जुलै

जेकब्स. हा सगळ्यात मोठा भाग आणि सगळ्यात अवघड.

उत्तर कॅरोलायनातलं ईडेंटन गाव. मालक डॉक्टर, त्याचा त्रास कोवळ्या वयापासून. १८३५ मध्ये त्या निसटल्या तेव्हा त्याने शंभर डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली. वर्णनात ती सफाईने बोलते असंही आहे. बाई मात्र गाव सोडून गेल्याच नाहीत. आजीच्या घराला लागून एक कोठी होती. तिच्या उतरत्या छपराखाली माळा : नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंच बाजूला तीन फूट. तिथे त्या जवळजवळ सात वर्षं राहिल्या.

दादाने तालमीच्या खोलीत खडूने नऊ बाय सात आखलं आणि तीन फुटांवर सुतळी बांधली. वाचणाऱ्या मुलीला आत बसवलं. मान सरळ होत नाही. कूस बदलताना खांदा लागतो. तिने पानभर मजकूर आतूनच वाचला. तिचा आवाज मुद्दाम काही न करता दबला आणि आम्हाला हवा होता तो स्वर सापडला. प्रत्यक्ष कार्यक्रमात ती खुर्चीवर बसूनच वाचेल. आखणी फक्त तालमीसाठी, सभागृहात दाखवायला नाही.

अंधारात डोकं आपटलं तेव्हा जेकब्स यांना लाकडात विसरलेलं गिरमिट सापडलं. रस्त्याच्या बाजूच्या फळीला त्यांनी भोकांच्या ओळी पाडल्या, मग मधलं लाकूड काढून इंचभराची खिडकी केली. त्या भोकातून मुलं दिसतील म्हणून वाट पाहत होत्या, आणि पहिला दिसला तो डॉक्टर. मुलं नंतर दिसली. त्यांना आई तिथे आहे हे ठाऊक नाही, आणि तिला हाक मारता येत नाही. उन्हाळ्यात छपराच्या पातळ फळ्यांतून राळ गळायची, थंडीत पाय गारठून लुळे पडायचे.

२४ जुलै

जेकब्स भाग दुसरा. पत्रांचा प्रसंग पूर्ण घेतला. माळ्यात बसून त्यांनी डॉक्टरला न्यूयॉर्कहून लिहिल्यासारखी पत्रं लिहिली. रस्त्यांची नावं खरी हवीत म्हणून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा एक तुकडा वापरला. पत्रं विश्वासू माणसाकरवी तिकडे नेऊन तिथल्या टपालात टाकली. डॉक्टर एक पत्र घेऊन आजीकडे आला आणि वाचून दाखवलं, पण त्याने मजकूर बदलून आपल्या सोयीचा केला होता. आणि ज्यांनी खरं पत्र लिहिलं त्या तिथेच आडोशाला बसून ऐकत होत्या. पुढची वर्षं डॉक्टर त्यांना उत्तरेत शोधत राहिला.

त्याहून मला हलवून गेली ती मुलाची गोष्ट. १८४२ मध्ये उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजाची सोय झाली. निघण्याआधी त्या मुलाला भेटल्या, तेव्हा कळलं की त्याला संशय आलेला होता. एकदा वर खोकल्याचा आवाज आला होता. तेव्हापासून तो खेळणाऱ्या पोरांना घराच्या त्या बाजूला फिरकू द्यायचा नाही. आजीलाही बोलला नाही. एवढंसं पोर, आणि काय सांगायचं नाही हे त्याला पक्कं कळलेलं होतं.

प्रस्तावनेसाठी एवढंच : जेकब्स यांनी पुस्तकात स्वतःचं आणि सगळ्यांची नावं बदलली. त्यामुळे पुढे कित्येक दशकं अभ्यासक त्याला संपादिका लिडिया मारिया चाइल्ड यांची कादंबरी समजत. जीन फेगन येलिन यांनी जेकब्स यांची पत्रं धुंडाळून १९८० च्या दशकात लेखिकेची ओळख पुराव्यानिशी सिद्ध केली. माणसं वाचवण्यासाठी घेतलेल्या खबरदारीची किंमत लेखिकेने मरणानंतरही मोजली.

२ ऑगस्ट

हेन्री ब्राउन. १८४८ मध्ये त्यांची बायको नॅन्सी आणि मुलं विकली गेली. त्यानंतर पुढच्या मार्चमध्ये ते रिचमंडहून फिलाडेल्फियाला एका लाकडी पेटीत बसून गेले. तीन फूट लांब, दोन फूट आठ इंच खोल, दोन फूट रुंद. माणूस दोनशे पौंडांचा. कामावरून सुट्टी मिळावी म्हणून आधी आम्लाने बोट भाजून घेतलं. पेटीवर ही बाजू वर ठेवा असं लिहिलेलं, तरी वाटेत पेटी उलटी झाली. डोकं खाली, डोळे बाहेर येतील असं वाटत होतं. अखेर दोन हमालांना बसायला काहीतरी हवं होतं म्हणून त्यांनी ती आडवी केली. २७ तासांनी फिलाडेल्फियात झाकण उघडलं, तेव्हा ब्राउन उठून उभे राहिले आणि स्तोत्र म्हणाले.

त्यांच्या हकिगतीच्या दोन आवृत्त्या आहेत. १८४९ ची बोस्टनच्या एका गोऱ्या कार्यकर्त्याने लिहिली, तिच्यात त्याचीच भाषणं जास्त. १८५१ ची इंग्लंडमध्ये निघाली, ती साधी आणि ब्राउन यांच्या जवळची. आम्ही दुसरी घेतोय.

हा प्रसंग लोकांना सगळ्यात जास्त आवडणार, म्हणून त्याला डग्लस यांचं मत जोडणं भाग आहे. १८५५ मध्ये ते लिहितात की या युक्तीचा गाजावाजा झाला नसता तर वर्षाला असे हजार ब्राउन सुटले असते. हे तत्त्वाचं वाटेल, पण परिणाम प्रत्यक्ष होता. पेटी पाठवायला मदत करणारे गोरे दुकानदार सॅम्युएल स्मिथ त्याच वर्षी आणखी माणसं तशाच पेट्यांतून पाठवताना पकडले गेले आणि तुरुंगात गेले. ब्राउन यांना दोष देणं मला जमत नाही. बायको-मुलं गेलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखी आपली कहाणीच उरली होती. दोन्ही बाजू वाचायच्या आणि निवाडा ऐकणाऱ्यावर सोडायचा.

७ ऑगस्ट

क्राफ्ट दांपत्य, थोडक्यात. डिसेंबर १८४८, जॉर्जियातलं मेकन. एलन गोऱ्या कातडीची, म्हणून ती आजारी गोरा जमीनदार झाली, नवरा विल्यम तिचा नोकर. सही करता येत नव्हती म्हणून उजवा हात गळ्यात बांधलेला, चेहऱ्याला पट्टी, डोळ्यांवर हिरवा चष्मा. पहिल्याच गाडीत शेजारी मालकाच्या ओळखीचा गृहस्थ बसला, तर तिने बहिरेपणाचं सोंग घेतलं. नाताळच्या दिवशी फिलाडेल्फिया. हे सगळं आम्ही चार पानांत बसवलंय. पुस्तक विल्यमच्या आवाजात आहे, त्यामुळे एलनच्या मनातलं कुठेच भरायचं नाही, अशी दादाला सूचना. त्याला तिथे एक स्वगत हवं होतं. नाही.

१२ ऑगस्ट

ग्रंथपाल बाईंनी नाशिकची आठवण करून दिली. शरणपूरच्या मिशनमध्ये ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत. त्यांच्यातलेच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे संशोधक लिव्हिंगस्टन यांचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या तांड्यात ते होते, आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी लिहिली. १८७४ मध्ये लंडनच्या अंत्यविधीतही ते होते. आपल्या इतक्या जवळची गोष्ट! पण ती पळून सुटण्याची नाही आणि दहा मिनिटांत उरकण्याजोगी तर नाहीच. पुढच्या वर्षीसाठी वेगळी वही उघडली.

२२ ऑगस्ट

बोलीचा निर्णय. एका वाचकाला सगळ्यांना गावरान मराठी द्यायची होती. डग्लस आणि जेकब्स यांनी स्वतः उत्तम, घोटून लिहिलंय, त्यामुळे त्यांना साधी प्रमाण मराठीच. स्वतः पळून सुटलेल्या आणि मग इतरांनाही सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमन यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं सांगणं दुसऱ्यांनी टिपलं आणि टिपताना उच्चार वेडेवाकडे करून छापले. तो वेडेवाकडेपणा टिपणाऱ्यांचा आहे. आपण तो मराठीत कशाला पुन्हा करायचा? त्यांचा भाग वाचणार आहे तो सरळ बोलण्यातल्या मराठीत.

१ सप्टेंबर

पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याच्या १८५० च्या कायद्याचं एक पान मध्ये घातलं, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. पळालेला माणूस उत्तरेतही सुरक्षित राहिला नाही. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस परत पाठवला तर दहा डॉलर, सोडला तर पाच. क्राफ्ट दांपत्याच्या मागावर माणसं बोस्टनला आली आणि दोघं इंग्लंडला गेली. जेकब्स यांची मुक्ती १८५२ मध्ये, उत्तरेत त्या ज्यांच्याकडे नोकरी करत त्या बाईंनी तीनशे डॉलरला विकत घेतली. त्याने जेकब्स यांना कृतज्ञता वाटली आणि वेदनाही. जे आपलंच आहे ते पैसे देऊन घ्यावं लागलं. ते वाक्य कार्यक्रमात आहे.

८ सप्टेंबर

स्टिल यांचा भाग आज पूर्ण झाला. फिलाडेल्फियातल्या गुलामीविरोधी संस्थेच्या कार्यालयात पळून आलेल्यांना बसवून ते लिहून घेत : जुनं नाव, नवं नाव, वय, मालक कोण, कसा वागवायचा, मागे कोण राहिलं. १८५० च्या ऑगस्टमध्ये एक माणूस आला. त्याने मुक्ती विकत घेतली होती आणि लहानपणी ताटातूट झालेल्या आई-वडिलांना तो शोधत होता. त्यांची नावं त्याने सांगितली, आणि स्टिल यांना कळलं की समोर बसलेला पीटर हा आपला सख्खा भाऊ आहे. चाळीसहून अधिक वर्षांनी. या भेटीनंतर नोंदी काटेकोर ठेवायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं, कोणीतरी कोणाला शोधत येईल म्हणून. मात्र त्या हाती लागल्या तर शेकडो जण पकडले जातील, म्हणून लपवूनही ठेवल्या आणि छापल्या त्या गुलामी संपल्यावर.

डग्लस यांनी लिहिलं नाही, स्टिल यांनी लिहून लपवलं. दोघांनाही जपायची होती ती मागची माणसं. दादाने हे ऐकून क्रम बदलला : स्टिल आता सर्वांत शेवटी.

१७ सप्टेंबर

सलग तालीम. ठरलेला क्रम : अर्पणपत्रिका, डग्लस १८४५, जेकब्स, टबमन, क्राफ्ट, ब्राउन, १८५० चा कायदा, डग्लस १८८१, रोझेटा, स्टिल. वेळ थोडी जास्त होतेय. दादाला जेकब्स यांचा छपरावरच्या पावसाचा उतारा काढायचाय, मी कायद्याचं पान निम्मं करायला तयार आहे. पत्रांचा आणि मुलाचा प्रसंग जसाच्या तसा राहील.

डग्लस १८४५ नंतरच्या थांब्यासाठी आक्काने सुचवलेलं निवेदन पक्कं केलं : ‘इथून पुढचं डग्लस यांनी १८४५ मध्ये सांगितलेलं नाही. त्यांच्या वाटेने अजून माणसं येत होती.’ यापलीकडे स्पष्टीकरण नाही.

बाकी कामं : बाल्टिमोर ते न्यूयॉर्क आणि मेकन ते फिलाडेल्फिया या दोन वाटांचा नकाशा मोठ्या कागदावर, गावांची नावं मराठीत. प्रवेशद्वाराशी सगळी मूळ पुस्तकं मांडायला टेबल. कार्यक्रमानंतर नॅन्सी ब्राउनचं पुढे काय झालं हे कोणीतरी विचारणारच. ती आणि हेन्री पुन्हा कधी एकत्र राहिले नाहीत, एवढं सरळ उत्तर द्यायचं, असं चौघांना सांगून ठेवलं आहे.